लांब पल्ल्यासाठी कुशनचे शूज : दुकानात मऊ लागले, सोळाव्या किलोमीटरला तळवे पेटले

पर्वतीपायथा | ३ ऑगस्ट, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. येत्या जानेवारीत मुंबईला पहिली पूर्ण मॅरेथॉन पळायची ठरवली आहे. वय ४६, वजन ७८ किलो. गेली चार वर्षं पळतोय, तीन हाफ झाल्या, सगळ्या सव्वादोन ते अडीच तासांत. आठवड्यातले तीन दिवस तळजईवर मातीत पळतो. रविवारी सारसबागेपासून निघून टिळक रस्ता, डेक्कन, विद्यापीठ, आत दोन फेऱ्या आणि परत. हा सगळा डांबर आणि सिमेंटचा रस्ता.

जूनमध्ये जुने बूट बदलायला गेलो. विक्रेत्याने एकदम जाड सोलचा जोड काढून दिला. पाय घातला तर गादीवर उभं राहिल्यासारखं वाटलं. दुकानात इकडून तिकडे चाललो, दोन उड्या मारल्या आणि घेऊन टाकला. साडेबारा हजार गेले. १० किलोमीटरपर्यंत काहीच त्रास नाही, उलट छान वाटतं. पण सोळाव्याच्या आसपास, दर वेळी, चवड्याखाली आग सुरू होते आणि उजव्या पायाची शेवटची दोन बोटं बधिर होतात. गेल्या रविवारी विद्यापीठाच्या फाटकाशी कठड्यावर बसून बूट काढले, पाच मिनिटं पाय मोकळे ठेवले, तेव्हा कुठे घरापर्यंत येता आलं.

जुन्या साध्या बुटांत हे कधी झालं नाही, पण त्यांत वीसच्या पुढे नडग्या दुखायच्या. म्हणूनच तर कुशन शोधत गेलो होतो. आता याहून मऊ घेऊ की कमी मऊ? सप्टेंबरपासून पल्ला २५ च्या वर जाईल, त्याआधी निर्णय घ्यायचा आहे. सविस्तर लिहिलंत तर फार मदत होईल.

चतुःशृंगी_पहाट | ३ ऑगस्ट, रात्री ९:३४

अगदी हाच प्रश्न पडलाय. वाचतेय.

मुरूमवाट | ३ ऑगस्ट, रात्री १०:५२

पर्वतीपायथा, मऊ की कमी मऊ हे नंतर बघू. तुमचं वर्णन वाचून मला शंका येते ती रुंदीची. फोम चांगला असेलही, पण तुमचा पाय त्यात मावत नसावा.

या रविवारी लांब पळून आलात की आंघोळीच्या आधी एक काम करा. जमिनीवर वर्तमानपत्र पसरा, त्यावर अनवाणी, दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून उभे राहा. घरातल्या कुणाला तरी पेन्सिल उभी धरून पायाभोवती रेघ मारायला सांगा. स्वतः वाकून मारू नका, वाकलं की वजन सरकतं आणि रेघ खोटी येते. मग बुटातला इनसोल, म्हणजे आतली सुटी पातळ गादी, बाहेर काढून त्या रेघेवर ठेवा. करंगळीच्या मुळाशी, म्हणजे चवडा सगळ्यात रुंद असतो तिथे, रेघ इनसोलच्या बाहेर किती जाते ते मोजा. दोन्ही पाय मोजा, एक हमखास मोठा निघतो.

पळून आल्यावरच मोजा म्हणतोय कारण तास-दोन तास पळल्यावर पाय सुजतो, पसरतो. सकाळी अकरा वाजता एसी दुकानात, बसून गेलेल्या माणसाचा पाय आणि सोळाव्या किलोमीटरचा पाय हे एकच माप नाही. दुकानात जो कापडाचा वरचा भाग छान धरून ठेवतोय असं वाटतं, तोच पुढे दोन्ही बाजूंनी दाबायला लागतो. फार मऊ सोल असला तर पाय त्यात खाली रुततो, आणि रुतला की कडांना आणखी घट्ट बसतो.

मी स्वतः पहिल्या मॅरेथॉनला अंगठ्याच्या दोन्ही नखांना मुकलो. तेव्हा वाटलं पळणाऱ्यांचं असंच होत असेल. पुढच्या जोडीत अर्धा नंबर वाढवला, तेव्हापासून सिंहगडाच्या घाटरस्त्याने उतरतानाही नखं शाबूत आहेत. पुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा हवी, साधारण एक सेंटिमीटर, आणि ती उभं राहून तपासायची.

संथगती | ४ ऑगस्ट, सकाळी ७:०५

मुरूमवाट यांच्याशी पूर्ण सहमत. माझाही अनुभव लिहिते, बायकांना उपयोगी पडेल.

मी ५१ व्या वर्षी पळायला लागले, आता ५७ पूर्ण. पहिली तीन वर्षं बायकांच्या विभागातलेच शूज घेत होते आणि दर पावसाळ्यात करंगळीला भोवरी. दोन बाळंतपणांनंतर माझा पाय पसरला आहे, हे आई सांगायची तेव्हा मी मनावर घेतलं नव्हतं. बायकांचे शूज साधारणपणे अरुंद साच्यावर बनतात. एका मैत्रिणीने पुरुषांचा जोड घालून बघ म्हटलं. रंग आवडला नाही, पाय मात्र पहिल्यांदा सुखात बसला. गेली तीन वर्षं पुरुषांचेच घेते आणि भोवरी गेली ती गेलीच. फक्त टाच ढिली होते, त्यावर उपाय लेसचा.

बुटाला सगळ्यात वर, घोट्याजवळ, एक जादा भोक असतं. बहुतेक लोक ते रिकामंच ठेवतात. लेस त्याच बाजूच्या शेवटच्या दोन भोकांतून घेऊन बाहेरच्या अंगाला छोटा फास करायचा, समोरची लेस त्या फासातून ओवायची, आणि मग खाली खेचून गाठ मारायची. टाच जागची हलत नाही आणि चवड्यावरची लेस मोकळी ठेवता येते. पर्वतीपायथा, नवीन खरेदीच्या आधी हे करून बघा. चवड्यावरचे पहिले दोन टप्पे सैल सोडा. बधिरपणा थोडा जरी कमी झाला तरी कारण कळेल.

निळासदरा | ४ ऑगस्ट, दुपारी २:२०

मी सात वर्षं कॅम्पातल्या एका खेळाच्या दुकानात बूट विकायला होतो, आता दुसऱ्या धंद्यात आहे, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "माझा आठ नंबर." या आठ नंबरला अर्थ नाही. बुटाची जीभ उलटी करा, आत छोटा शिक्का असतो. त्यावर यूके, यूएस, ईयू अशा रांगेत सीएम किंवा जेपी असंही लिहिलेलं असतं. तो आकडा बघा. यूके ८ आदिदासमध्ये २६.५ सेंटिमीटर येतो आणि नायकेमध्ये २७. एकाच आठ नंबरात अर्ध्या सेंटिमीटरचा फरक, आणि लांब पळण्यात अर्धा सेंटिमीटर म्हणजे नख राहणं किंवा जाणं. तुमच्या जुन्या चांगल्या बसलेल्या बुटाचा सेंटिमीटरचा आकडा लिहून ठेवा आणि दुकानात तोच मागा.

दुसरं, अर्धे नंबर. साडेआठ शिल्लक नसला की विक्रेता आठ दाखवतो आणि "वापरून सैल होईल" म्हणतो. चामड्याचा बूट सैल होतो. पळण्याच्या बुटाचं जाळीचं कापड फारसं ताणत नाही. पहिल्या दिवशी करंगळी टेकत असेल तर शंभर किलोमीटरनंतरही टेकणार.

तिसरं, रुंदी. पुरुषांची नेहमीची रुंदी डी, रुंद पायासाठी २ई, त्याहून रुंद ४ई. न्यू बॅलन्स, आसिक्स, ब्रुक्स यांच्या काही मॉडेलांत रुंद माप मिळतं. आपल्याकडे फळीवर ते क्वचित दिसतं, कारण दुकानदार खपणारंच माप ठेवतो. पण विचारा, मागवून मिळतं. आम्ही कितीतरी गिऱ्हाइकांना रुंद पायासाठी एक नंबर लांब बूट दिले, कारण हाताशी तेच होते. लांब बूट घेऊन रुंदी मिळवली की पाय आत पुढे-मागे सरकतो आणि सोलची वाकण्याची जागा चवड्याच्या पुढे जाते. हे तेव्हा आम्हालाही कुणी शिकवलं नव्हतं. आज वाईट वाटतं.

संध्याकाळी सहानंतर जा. पळताना घालता तेच मोजे न्या, आणि जुने बूट न्या. दोन्ही पायांत बूट घालून किमान दहा मिनिटं वावरा, जिना असेल तर उतरून बघा. उतरताना बोटं पुढे आदळतात का ते तिथेच कळतं. आणि गेल्या वर्षीचं मॉडेल आहे का विचारायला लाजू नका, बऱ्याचदा नव्यात रंग आणि थोडी जाळी बदललेली असते आणि जुनं तीन-चार हजारांनी उतरलेलं असतं.

पर्वतीपायथा | ६ ऑगस्ट, दुपारी १२:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. आज १८ पळून आलो आणि मुलीने पेन्सिल धरली.

उजवा पाय : लांबी २७.१ सेंटिमीटर, चवड्याची रुंदी १०.९. डावा : २६.८ आणि १०.६. बुटाच्या इनसोलची रुंदी त्याच जागी ९.८. इनसोल रेघेवर ठेवला तर करंगळीच्या बाजूला बोटाच्या जाडीएवढा पाय बाहेर होता. मुलगी म्हणाली, "बाबा, एवढा पाय राहत कुठे होता?" मी बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसलो. लांबीत मात्र काही अडचण नाही, पुढे जागा आहे.

संथगती ताई, लेसचा उपाय आजच केला. आग सोळाऐवजी अठराव्याला सुरू झाली, बोटं बधिर झाली पण उशिरा.

स्नायुबंध | ६ ऑगस्ट, रात्री ८:४०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्याकडे येणाऱ्यांत पळणारे बरेच. पर्वतीपायथा, तुमच्या कागदाने अर्धं निदान केलंच आहे. पायाच्या लांब हाडांच्या मधून बोटांकडे जाणाऱ्या नसा असतात. चवडा दोन्ही बाजूंनी आवळला की त्या दाबल्या जातात, म्हणून आग आणि बधिरपणा. बूट बदलल्यावर तीन-चार आठवड्यांत हे पूर्ण गेलं नाही, किंवा साध्या चालण्यातही बोटांमध्ये खडा असल्यासारखं वाटलं, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. दुर्लक्ष केलं तर नसेभोवतीचा भाग जाड होतो आणि मग काम लांबतं.

आता मऊपणाबद्दल, कारण इथे दोन्ही टोकांची मतं ऐकू येतात. लक्झेंबर्गमधल्या संशोधकांनी आठशेहून अधिक हौशी धावपटूंना दिसायला सारखे पण सोलच्या कडकपणात वेगळे बूट सहा महिने दिले होते, अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. कडक बूट घालणाऱ्यांत दुखापती जास्त झाल्या. म्हणजे कुशनचा उपयोग आहे. पण त्यातलं पुढचं निरीक्षण जास्त महत्त्वाचं आहे : हा फायदा हलक्या वजनाच्या धावपटूंत दिसला, जड वजनाच्यांत तसा स्पष्ट दिसला नाही. "वजन जास्त, मग सगळ्यात मऊ घ्या" हा सल्ला दुकानात सर्रास मिळतो, त्याला एवढा भक्कम आधार नाही. जड माणसाने मऊ फोम पूर्ण दाबला की घोटा आत-बाहेर डुलतो, आणि थकल्यावर तो सावरायचं काम पोटरीवर आणि टाचेच्या वरच्या जाड शिरेवर येतं. तुमचं वजन फार नाही, तरी मी तुम्हाला मध्यम मऊ, रुंद बुडाचा बूट सांगेन.

सपाट तळवा, उंच कमान असे प्रकार पाडून त्यानुसार बूट देण्याची पद्धत बरीच वर्षं चालली. कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासून आढावे काढते, तिच्या २०२२ च्या आढाव्यात अशा वाटपाने दुखापती कमी झाल्याचा पुरावा सापडला नाही. कॅल्गरी विद्यापीठाचे बेनो निग यांनी २०१५ मध्ये मांडलेला विचार मला पटतो : पायाला जो बूट सुखाचा वाटतो त्यात शरीर आपल्याला मानवेल तसं पळतं, म्हणून निवड सुखावर करावी. माझी त्याला एवढीच जोड की ते सुख थकलेल्या, सुजलेल्या पायाला विचारावं.

आणि ड्रॉप बघा, म्हणजे टाचेखालची आणि चवड्याखालची जाडी यातला फरक. जुना बूट १० मिलिमीटरचा असेल आणि तुम्ही एकदम ४ च्या बुटात २५ किलोमीटर पळालात तर पोटरी तक्रार करणारच. दोनेक मिलिमीटरचा फरक चालतो, जास्त असेल तर आठवड्यातून एक छोटा पल्ला असं करत महिनाभर घ्या.

अनवाणी_पाऊल | ७ ऑगस्ट, सकाळी ६:१०

चर्चा चांगली चालली आहे, पण एक मुद्दा मांडू द्या. अबेबे बिकिला १९६० मध्ये रोमला अनवाणी पळून ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकला. आपले शिवनाथ सिंह अनवाणी पळायचे, १९७८ मध्ये जालंधरला त्यांनी २ तास १२ मिनिटांची वेळ दिली. पायात स्वतःची स्प्रिंग आहे. चार सेंटिमीटरच्या फोमवर पाय ठेवून आपण ती झोपवत नाही का? मी तीन वर्षं पातळ सोलचे बूट वापरतो आणि माझा गुडघा त्यानंतरच बरा झाला.

स्नायुबंध | ७ ऑगस्ट, रात्री ९:०२

अनवाणी_पाऊल, तुमचा गुडघा बरा झाला हे शक्य आहे. पातळ सोलमध्ये पाऊल जवळ पडतं आणि गुडघ्यावरचा भार कमी होतो, तो पोटरी आणि पावलाकडे जातो. ज्यांची पोटरी तयार आहे त्यांना ते मानवतं. बिकिलाने १९६४ मध्ये टोकियोला बूट घालून पुन्हा सुवर्ण जिंकलं, तेही रोमपेक्षा तीन मिनिटं कमी वेळात, त्यामुळे त्याच्या नावाने दोन्ही बाजूंना बोलता येतं. चाळिशीपर्यंत ऑफिसच्या बुटात वावरलेल्या माणसाला पाच महिन्यांत मॅरेथॉन गाठायची असेल तर हा बदल आत्ता करायचा नाही एवढंच मी म्हणेन. मात्र पळून झाल्यावर गवतावर किंवा तळजईच्या मऊ मातीत दहा मिनिटं अनवाणी चालणं, हे मी सगळ्यांनाच सांगते.

अनवाणी_पाऊल | ७ ऑगस्ट, रात्री ९:२०

पटलं. पाच महिन्यांचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

रविवार_खडकवासला | ८ ऑगस्ट, सकाळी ८:३०

पावसाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आम्ही राजाराम पुलापासून खडकवासल्यापर्यंत जाऊन परत येतो, आणि ऑगस्टमध्ये बूट कोरडे परत येतील असा रविवार मिळत नाही. जाड फोम आणि जाड अस्तराचे बूट स्पंजासारखे पाणी धरतात. घरी आल्या आल्या इनसोल काढा, लेस सैल करा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला, दोन-तीनदा. मग पंख्याखाली. गिझरजवळ, गॅलरीच्या कडक उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, सोलचा डिंक सुटतो. वॉशिंग मशीनमध्ये तर नाहीच.

तरीही दोन दिवस लागतात, म्हणून दोन जोड हवेत. दुसरा जोड महागच हवा असं नाही, डेकॅथलॉनचा साधा जोड मंगळवार-गुरुवारच्या छोट्या पल्ल्यांना पुरतो. मोजे सुती नकोत, ओला सुती मोजा चवड्याला सोलून काढतो.

चतुःशृंगी_पहाट | ८ ऑगस्ट, दुपारी १:१०

कार्बन प्लेटवाले शूज, म्हणजे सोलमध्ये कार्बनची कडक पट्टी असलेले, सरावाला घेतले तर? ग्रुपमधले बरेच जण घेताहेत.

मुरूमवाट | ८ ऑगस्ट, रात्री १०:१५

सरावाला नको. त्यांचा फोम हलका आणि उसळी देणारा, पण लवकर दमतो, आणि बूड अरुंद असल्याने सावकाश पळताना पाय डळमळतो. आपल्या पेव्हर ब्लॉकवर आणि गतिरोधकांवर तर जपूनच. शर्यतीत घालायचे असतील तर आधी दोन-तीन लांब पल्ले त्यात काढा.

दोन जोडांबद्दल रविवार_खडकवासला यांना अनुमोदन. वेगवेगळे बूट आलटून पालटून वापरणाऱ्यांना दुखापती कमी होतात असं लक्झेंबर्गच्याच एका अभ्यासात दिसलं होतं. पायाला रोज तोच ताण त्याच जागी मिळत नाही, असं त्याचं कारण मानतात.

आयुष्याचं म्हणाल तर ५०० ते ८०० किलोमीटर धरा. माझी खूण अशी : नवा बूट आणला की अंगठ्याने सोलची बाजू दाबून ठेवतो, तो दाब लक्षात राहतो. काही महिन्यांनी तिथे आडव्या सुरकुत्या कायमच्या पडतात आणि दाबल्यावर फोम परत येत नाही. बूट टेबलावर ठेवून मागून बघा, एका बाजूला कललेला दिसला तर तो चालायला ठेवा. खालची रबराची नक्षी चांगली दिसते म्हणून फसू नका, फोम तिच्या आधी मरतो.

पर्वतीपायथा | २० ऑगस्ट, रात्री ९:४५

कागद घडी करून खिशात घातला आणि संध्याकाळी साडेसहाला बाहेर पडलो. पहिल्या दुकानात कागद पसरल्यावर विक्रेता जरा गोंधळला, दुसऱ्या दुकानातल्या तरुण मुलाने मात्र तो जमिनीवर ठेवून एकेक इनसोल काढून त्यावर मांडला. नेहमीच्या रुंदीतले चार जोड असे बाद झाले, पायात घालायचीही गरज पडली नाही. शेवटी आसिक्सचा जेल-निंबस, गेल्या वर्षीचा, रुंद २ई मापात मागवला. ड्रॉप ८, माझ्या जुन्या बुटाचा १० होता. आठवड्याने आला. मऊ आहे, पण जूनमध्ये घेतलेल्याइतका रुतत नाही. पहिल्यांदा घातला तेव्हा 'वा' असं काही वाटलंच नाही. पाय आहे तसा पसरून बसला, एवढंच.

आतापर्यंत ६, ८ आणि १२ पळालो.

निळासदरा | २१ ऑगस्ट, सकाळी १०:००

त्या मुलाचं कौतुक करायला परत एकदा दुकानात जा. त्याच्या मालकासमोर करा.

पर्वतीपायथा | १० सप्टेंबर, दुपारी १:३०

निळासदरा, जाऊन आलो. मालक होते, त्यांच्यासमोर सांगितलं.

आज २६ झाले. सारसबागेपासून निघताना पाऊस नव्हता, गणेशखिंडीत जोराचा आला. सोळावा किलोमीटर विद्यापीठातच होता, मी मुद्दाम घड्याळ बघत होतो. काही झालं नाही. विसाव्याला चवडे गरम झाले, आग नाही. बोटं शेवटपर्यंत जाणवत होती, दहाच्या दहा. फाटकाजवळच्या त्या कठड्यापाशी क्षणभर थांबलो आणि पुढे निघालो. नडग्याही शांत आहेत. पोटऱ्या ओढल्यात, पण तेवढं चालेल.

जूनचे बूट जवळजवळ नवे आहेत, जेमतेम १५० किलोमीटर झालेत. यूके ८, नेहमीची रुंदी. अरुंद पायाचं कुणी असेल तर सांगा, तळजईवर मंगळवारी सहाला आणून देतो. चतुःशृंगी_पहाट, तुम्ही कागदावर पाय काढलात का? आकडे इथे टाका, निळासदरा आणि स्नायुबंध सांगतील.

चतुःशृंगी_पहाट | १० सप्टेंबर, रात्री ८:५०

काढला. डावा २४.३ आणि ९.६, उजवा २४.१ आणि ९.४. आत्ताच्या शूजचा इनसोल ८.९ आहे. मी पुरुषांच्या विभागात बघू का, संथगती ताई?